व्हरमाँटमध्ये राहायला येताना: पहिल्या वर्षाची पायरी-पायरीने तयारी

अमेरिकेच्या एखाद्या ग्रामीण राज्यात राहायला यावे का, असे विचारणारे मराठी लोक बहुधा दोन प्रकारचे असतात. काहींची कंपनी घरून काम करू देते आणि न्यू जर्सी किंवा बोस्टनच्या घरभाड्याला ते कंटाळलेले असतात. काहींना नोकरीच इकडे ओढून आणते, आणि त्यांत डॉक्टरांची संख्या मोठी असते. जे-१ व्हिसावर प्रशिक्षण घेतलेल्या परदेशी डॉक्टरांना दोन वर्षे मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट मिळवून देणाऱ्या कॉनराड ३० या योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा मिळतात आणि त्या बदल्यात डॉक्टरांची वानवा असलेल्या भागात तीन वर्षे काम करावे लागते, त्यामुळे पुण्या-नागपुरात वाढलेला माणूस एके दिवशी हजार-दीड हजार वस्तीच्या गावात येऊन दाखल होतो. आमच्या घरात हे दुसरे कारण होते.

अमेरिकेच्या ईशान्येकडचे व्हरमाँट किती ग्रामीण आहे याचा अंदाज आकड्यांवरून चांगला येतो. २०२०च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ६,४३,०७७ होती, म्हणजे २०११च्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षाही कमी. क्षेत्रफळ मात्र सुमारे २५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एकत्र केले तरी त्याहून जास्त. जवळजवळ ६५ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात आणि हे प्रमाण अमेरिकेच्या कोणत्याही राज्यापेक्षा अधिक आहे. सर्वांत मोठे शहर बर्लिंग्टन, त्याची वस्ती ४५ हजारांच्या आत. राजधानी माँटपेलियर, तिची सुमारे ८ हजार.

फायदे आणि तोटे यांचे दोन रकाने मी मुद्दाम मांडत नाही, कारण इथल्या राहणीतले बहुतेक फायदे-तोटे एकाच कारणातून निघतात. शहरात पाणी, मैला, ऊब, रस्ता आणि कचरा ही कामे आपल्या नकळत कोणीतरी करत असतो आणि आपण फक्त बिल भरतो. इथे ती घराची कामे होतात, आणि जी घराला जमत नाहीत ती शेजाऱ्यांच्या साहाय्याने करावी लागतात. ही कामे ज्याला जाच वाटतील त्याला इथली शांतता महाग पडेल. म्हणून पुढील पायऱ्या मी कामांच्या क्रमाने लावल्या आहेत.

पायरी पहिली: गाव निवडण्याआधी अंतरे मोजा

नकाशावर राज्य लहान दिसते आणि तिथेच फसगत होते. घराचे छायाचित्र पाहण्याआधी त्या पत्त्यापासून चार ठिकाणांपर्यंतचा प्रवास मिनिटांत लिहून काढावा: मोठे रुग्णालय, शाळा, किराणा आणि डांबरी रस्ता. मोठी रुग्णालये खऱ्या अर्थाने दोन: बर्लिंग्टनमधले व्हरमाँट विद्यापीठाचे, आणि कनेटिकट नदीपलीकडे न्यू हॅम्पशायरमधल्या लेबननचे डार्टमथ-हिचकॉक. पूर्वेकडच्या गावांतले लोक दुसऱ्याकडे जातात, पश्चिमेकडचे पहिल्याकडे. ईशान्येकडच्या, ‘नॉर्थईस्ट किंग्डम’ म्हटल्या जाणाऱ्या तीन काउंट्यांतून (काउंटी म्हणजे साधारण जिल्हा) मात्र दोन्ही लांबच पडतात. बर्लिंग्टनहून बोस्टन साडेतीन तासांच्या आसपास आहे, तर आग्नेय कोपऱ्यातल्या ब्रॅटलबरोहून ते दोन तासांवर येते. न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या आगगाड्या दोनच, दिवसाला प्रत्येकी एक. भारतात जायचे तर बर्लिंग्टनहून जोडविमान घ्यावे लागते किंवा बोस्टन गाठावे लागते.

घरून काम करणाऱ्याने इंटरनेटची चौकशी गावाच्या नावाने न करता नेमक्या पत्त्याने करावी. एकाच रस्त्यावर खालच्या वळणापर्यंत फायबर आलेले असते आणि वरच्या तीन घरांना उपग्रहावर भागवावे लागते. अनेक गावांनी एकत्र येऊन आपली फायबर-मंडळे स्थापन केली आहेत, त्यामुळे स्थिती दरवर्षी सुधारते आहे. तरीही ‘लवकरच येणार’ या उत्तरावर नोकरी बेतू नये. मोबाइलचा सिग्नल दऱ्यांमध्ये जातोच. घरात वाय-फायवरून फोन लावण्याची सोय चालू करून घ्यावी आणि प्रवासाला निघताना नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा.

पायरी दुसरी: पहिला हिवाळा भाड्याच्या घरात काढा

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात डोंगर लाल-केशरी होतात, त्या दिवसांत येऊन घर पसंत करणारे बरेच असतात. त्याच घराच्या अंगणात फेब्रुवारीत कमरेइतके बर्फ असते आणि एप्रिलमध्ये तिथपर्यंत गाडी जात नाही, हे त्यांना तेव्हा कोणी सांगत नाही. घर विकणारा तर नाहीच नाही. म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ भाड्याच्या घरात, शक्यतो ज्या गावात घर घ्यायचे आहे त्याच गावात काढावा.

हा सल्ला देणे सोपे आहे, पाळणे अवघड. भाड्याची घरे फार थोडी आहेत, बरीच घरे बाहेरच्यांची सुटीतली घरे आहेत, आणि चांगली जागा जाहिरातीपर्यंत पोचण्याआधीच तोंडी खबरीवर जाते. शोध चार-सहा महिने आधी सुरू करावा आणि ज्या रुग्णालयाने, शाळेने किंवा कंपनीने बोलावले आहे तिथल्या लोकांना निःसंकोचपणे विचारावे. गावोगाव चालणारी फ्रंट पोर्च फोरम ही सेवा रोजच्या ईमेलमधून शेजाऱ्यांचे निरोप पोचवते. भाड्याची खोली, जुने फावडे, हरवलेली मांजर आणि पंचायतीतले वाद असे सगळे तिथे एकत्र मिळते. पत्ता मिळताच नाव नोंदवावे.

पायरी तिसरी: घर घेताना जमिनीखालचे पाहा

घर विकत घेताना आपली नजर स्वयंपाकघरावर असते. इथे ती आधी जमिनीकडे असावी.

पहिला प्रश्न रस्त्याचा. राज्यातले निम्म्याहून अधिक रस्ते खडी-मातीचे आहेत, आणि गावच्या रस्त्यांचे चार वर्ग असतात. चौथ्या वर्गाचा रस्ता कागदोपत्री सार्वजनिक असला तरी हिवाळ्यात त्यावरचे बर्फ काढण्याचे बंधन गावावर नसते. अशा रस्त्यावरचे घर स्वस्त मिळते ते याच कारणाने. गावाचे दफ्तर सांभाळणाऱ्या टाउन क्लार्कच्या कार्यालयात जाऊन रस्त्याचा वर्ग विचारावा. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. गावठाणाबाहेरच्या घराला स्वतःची बोअरवेल असते आणि तिच्या पाण्याची जबाबदारी कोणत्याही नगरपालिकेवर नसते. इथल्या खडकांमुळे काही बोअरवेलच्या पाण्यात आर्सेनिक, युरेनियम किंवा रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू सापडतो, आणि यांपैकी कशालाही चव वा वास नसतो. व्यवहार पक्का करण्याआधी पाणी तपासून घ्यावे, पुढे जंतूंची तपासणी दरवर्षी आणि खनिजांची पाच वर्षांनी करावी. राज्याच्या आरोग्य विभागाच्या प्रयोगशाळेकडून त्यासाठीचे संच मिळतात. तळघरातील हवेतला रेडॉन वायू वेगळा मोजावा लागतो.

तिसरा प्रश्न मैल्याचा, आणि आपल्या स्वयंपाकाच्या पद्धतीमुळे मराठी घराने तो अधिक गांभीर्याने घ्यायला हवा. सेप्टिक टँक आणि त्यापुढचे, सांडपाणी जमिनीत मुरवणारे शोषक्षेत्र किती शयनगृहांसाठी मंजूर आहे हे परवान्यात लिहिलेले असते, त्यामुळे चार खोल्यांच्या घराला तीन खोल्यांचाच परवाना आहे का, हे पाहावे. टँक साधारण तीन ते पाच वर्षांनी उपसावा लागतो. तळणीचे उरलेले तेल, तूप किंवा चहाचा चोथा मोरीत ओतला की शोषक्षेत्राचे आयुष्य घटते, आणि ते नव्याने करण्याचा खर्च पाहून माणूस भजी करणे सोडतो.

चौथा प्रश्न पुराचा. दऱ्या अरुंद आहेत, जुनी गावे नदीकाठी वसली आहेत. २८ ऑगस्ट २०११ रोजी आयरीन वादळाने अनेक गावांचे रस्ते तोडले. १०-११ जुलै २०२३ रोजी माँटपेलियर आणि बॅरी ही शहरे पाण्याखाली गेली. आणि बरोबर एक वर्षाने, त्याच तारखांना, राज्यात पुन्हा पूर आला. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान भरून मिळत नाही. त्यासाठी स्वतंत्र विमा घ्यावा लागतो. ओढ्याचा खळाळ ऐकू येणारे घर फार सुंदर वाटते, पण मी तरी ते घेणार नाही.

पायरी चौथी: ऊब उन्हाळ्यातच विकत घ्या

कोकणात पावसाळ्याआधी सरपण भरून ठेवतात तशी इथे हिवाळ्याची बेगमी जून-जुलैत होते. बहुतेक घरे तेल, प्रोपेन किंवा लाकडावर तापतात, हल्ली उष्णता-पंपही पुष्कळ बसतात, आणि शहाण्या घरात यांपैकी दोन सोयी असतात. तेलाची तळघरातली नेहमीची टाकी २७५ गॅलनची, म्हणजे सुमारे हजार लिटरची. जुन्या, फटी असलेल्या घरात ती हिवाळ्यात दोन-तीनदा भरावी लागते. पुरवठादार उन्हाळ्यात आगाऊ भाव ठरवून देतात. भाव ठरवताना ‘टाकीवर लक्ष ठेवून आपोआप भरणे’ ही सोय मागावी, नाहीतर जानेवारीच्या एका रविवारी टाकी कोरडी पडते आणि तातडीच्या फेरीचे वेगळे पैसे मोजावे लागतात.

लाकूड ‘कॉर्ड’ या मापाने विकतात: चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब, म्हणजे १२८ घनफूट रचलेला ढीग. नवख्याला बहुधा दोन गोष्टींत फसवले जाते, मापात आणि ओलेपणात. लाकूड फोडून निदान एक वर्ष वाळलेले हवे. ओले लाकूड धुपते, ऊब देत नाही आणि धुराड्यात डांबरासारखी काजळी धरते, जी पुढे पेट घेते. धुराडे दरवर्षी साफ करून घ्यावे. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र प्रत्येक मजल्यावर असावे, आणि जनरेटर काहीही झाले तरी घरात वा बंद गॅरेजमध्ये चालवू नये.

वीज गेली की काय होते, हे आम्हांला पहिल्या डिसेंबरात कळले. ओले बर्फ पडून झाडे तारांवर आली, दिवे गेले, आणि मेणबत्त्या लावून आम्ही बऱ्यापैकी मजेत होतो. तासाभराने नळ कोरडा पडला तेव्हा बोअरवेलचा पंप विजेवर चालतो हे लक्षात आले, आणि त्यानंतर घर तापवणारा बॉयलरही. तेव्हापासून वादळाची वर्दी आली की बादल्या, पातेली आणि न्हाणीतला टब भरून ठेवतो. पुण्यातल्या टंचाईच्या दिवसांतली सवय अशी परक्या मुलखात उपयोगी पडली. सुटीत भारतात जाताना उष्णता पूर्ण बंद करू नये, १३ अंश सेल्सियसच्या खाली तर जाऊच देऊ नये आणि कोणाला तरी घराची किल्ली द्यावी, कारण गोठून फुटलेला एक नळ महिनाभर वाहिला तर परतल्यावर घर राहण्याजोगे उरत नाही.

घर घेतल्यावर पहिला खर्च नव्या फरशीवर न करता भिंती आणि माळा यांच्या उष्णतारोधनावर करावा. राज्यात एफिशन्सी व्हरमाँट ही संस्था त्यासाठी सल्ला आणि सवलती देते.

पायरी पाचवी: गाडी, बर्फ आणि चिखल

गावांतून टॅक्सी जवळजवळ नाही आणि बससेवा तुरळक आहे. म्हणून कमावत्या दोघांना दोन गाड्या लागतात आणि हा खर्च ‘स्वस्त राज्य’ या कल्पनेतून पहिल्यांदा वजा करावा. चारही चाकांना जोर देणारी गाडी चढावर उपयोगी पडते, थांबताना तिचा काही उपयोग नाही. थांबवतात ते टायर. हिवाळी टायरांचा वेगळा संच नोव्हेंबरात चढवून एप्रिलअखेर उतरवावा, आणि त्यासाठीची वेळ गॅरेजकडे ऑक्टोबरात मागून घ्यावी. रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गाडीचा तळ गंजतो, म्हणून हिवाळ्यात अधूनमधून तो धुऊन घ्यावा. गाडीत फावडे, घोंगडी, वाळूची पिशवी आणि न गोठणारे काचेचे पाणी असावे. संध्याकाळी हरणे रस्त्यावर येतात. एक ओलांडून गेले की मागून दुसरे येणारच असे धरून चालावे. घरापर्यंतच्या खासगी वाटेचे बर्फ गाव काढत नाही. ते काढणारा माणूस सप्टेंबरातच ठरवावा, पहिल्या हिमवर्षावानंतर त्याच्याकडे जागा उरत नाही.

हिवाळ्याविषयी नवख्याला सगळे सांगतात. चिखलाविषयी कोणी पुरेसे सांगत नाही. मार्चअखेरीपासून मेच्या सुरुवातीपर्यंतचा काळ हा इथला पाचवा ऋतू आहे. जमिनीचा वरचा थर वितळतो, खाली अजून गोठलेली जमीन असते, पाणी मुरायला जागा मिळत नाही आणि खडी-मातीच्या रस्त्याची अक्षरशः खीर होते. गावे जड वाहनांना त्या रस्त्यांवर बंदी घालतात, म्हणून तेल, प्रोपेन किंवा सामानाचा ट्रक मार्चच्या मध्याआधी येऊन गेलेला बरा. अशा रस्त्यावर पहाटे, रात्रीच्या गारठ्याने माती आवळलेली असताना निघावे, आधीच्या चाकोरीत न शिरता तिच्या कडांवरून एका संथ वेगाने जावे आणि मध्येच थांबू नये. मी पहिल्या वर्षी थांबलो. आसापर्यंत रुतलेली गाडी शेजाऱ्याने ट्रॅक्टरला साखळी लावून काढली, पैसे घेतले नाहीत, फक्त ‘पुढच्या खेपेला वरच्या वाटेने जा’ एवढेच सांगितले.

ज्या हवेने रस्ता खचतो तिच्याच जोरावर राज्याचे गुऱ्हाळ चालते. रात्री गोठण आणि दिवसा ऊब असली की मेपलच्या झाडांतून रस वाहू लागतो, आणि सुमारे ४० गॅलन रस आटवला की एक गॅलन पाक मिळतो. अमेरिकेतला जवळपास निम्मा मेपल पाक एकट्या व्हरमाँटमध्ये होतो. मार्चमध्ये शेजाऱ्याच्या आटवणघरात जाऊन वाफेत उभे राहिले की कोल्हापूरकडच्या माणसाला घर आठवते. पाक बर्फावर ओतून चिकट करून खातात, तो आपल्या काकवीच्या चवीच्या बराच जवळचा लागतो.

पायरी सहावी: डॉक्टर आणि गोचीड

गावाचा पत्ता मिळताच, राहायला येण्याआधीच, नवे रुग्ण घेणाऱ्या डॉक्टरकडे नाव नोंदवावे. पहिल्या भेटीला काही महिने लागणे इथे नेहमीचे आहे. दंतवैद्य आणि त्वचारोगतज्ज्ञ यांचे तसेच. काही लहान रुग्णालयांत प्रसूती विभाग नाही, म्हणून मूल होण्याचा विचार असलेल्यांनी जवळचा विभाग कोठे आहे आणि हिमवादळात तिथवर किती वेळ लागेल, हे आधी पाहावे. अनेक गावांत रुग्णवाहिकेवर आणि अग्निशमन दलात स्वयंसेवक असतात, ते आपले काम टाकून येतात. घराचा क्रमांक रस्त्यावरून, रात्रीच्या अंधारात आणि बर्फाच्या ढिगावरूनही दिसेल असा लावावा.

गवतात हिंडल्यावर अंगावर गोचीड पाहण्याची सवय सर्वांना लावावी. हरणांच्या अंगावरची ही गोचीड लाइम हा जिवाणूंचा रोग पसरवते आणि तिची पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असतात. मे ते जुलै आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबर हे त्यांचे मुख्य दिवस. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी, तारीख लिहून ठेवावी आणि ती दीड दिवसाहून जास्त चिकटलेली असावी असे वाटल्यास काढल्यापासून ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारावे.

पायरी सातवी: स्वयंपाकघर आणि कचरा

बर्लिंग्टन आणि शेजारच्या विनूस्कीमध्ये २००८ नंतर भूतानमधून आलेल्या नेपाळीभाषक निर्वासितांची वस्ती वाढली, आणि त्यांच्या दुकानांत डाळी, पोहे, मोहरी, हिंग, गोठवलेला ओला नारळ असे बहुतेक मिळते. आपल्या दसऱ्याच्या सुमारास त्यांचा दशैं असतो, तेव्हा त्या दुकानांत गेले की कॅलेंडर न बघता सण कळतो. लांब राहणाऱ्यांनी एक मोठा फ्रीझर घ्यावा आणि दोन महिन्यांतून एक फेरी ठरवावी. माँट्रियल जवळ आहे, पण मध्ये कॅनडाची सीमा आहे आणि ग्रीन कार्ड नसलेल्याला भारतीय पारपत्रावर व्हिसा लागतो, तेव्हा किराण्यासाठी तो मार्ग धरू नये.

दूध, लोणी, अंडी, भोपळे, बटाटे आणि सफरचंद यांत मात्र आपण शहरातल्या मराठी घरापेक्षा श्रीमंत होतो. स्थानिक लोण्याचे तूप रवाळ होते. दही हिवाळ्यात लागत नाही, म्हणून विरजण लावून भांडे ओव्हनमध्ये ठेवावे आणि आतला फक्त दिवा लावावा. वाफ्यात मेथी आणि कोथिंबीर चांगली येते. मेअखेरीपर्यंत हिमकण पडू शकतात, त्यामुळे मिरची आणि टोमॅटोची रोपे त्याआधी बाहेर लावू नयेत. किराणा आणि कपडे यांवर राज्याचा विक्रीकर नाही, हेही इथेच सांगतो.

कचऱ्याची गाडी सगळ्या गावांत दारात येत नाही. शनिवारी सकाळी गावाच्या कचरा-केंद्रावर स्वतः जायचे, पिशवीमागे पैसे द्यायचे, बाटल्या आणि कागद वेगळे टाकायचे, आणि अर्धे गाव तिथेच भेटत असल्याने थोडे बोलायचे, अशी रीत आहे. १ जुलै २०२० पासून उरलेसुरले अन्न कचऱ्यात टाकण्यास राज्यात मनाई आहे. घरी खत करावे किंवा केंद्रावरच्या पिंपात न्यावे. परसातल्या खतात मांस-मासळी टाकू नये आणि मार्चअखेरीपासून पक्ष्यांचे दाणे बाहेर टांगू नयेत, कारण अस्वल येते. अतिशयोक्ती नाही. आमच्या ओट्यावर येऊन गेले आहे.

पायरी आठवी: गावाच्या कारभारात शिरा

इथे काउंटीला नावापुरताच कारभार आहे. खरी सत्ता सुमारे अडीचशे गावांकडे आणि राज्याकडे आहे. मार्चच्या पहिल्या मंगळवारी, काही गावांत त्याच्या आसपास, टाउन मीटिंग भरते. आपल्या कायद्यातली ग्रामसभा प्रत्यक्षात चालली तर कशी दिसेल, याचे हे उत्तर आहे: रस्ता विभागासाठी नवा ट्रक घ्यावा का, ग्रंथालयाला किती द्यावे, यावर लोक उभे राहून बोलतात, अंदाजपत्रकाच्या एकेका ओळीवर हात वर करतात, आणि मध्ये सगळ्यांनी आणलेल्या पदार्थांचे जेवण होते. मतदान बहुतेक गावांत नागरिकांनाच करता येते. माँटपेलियर आणि विनूस्की यांना मात्र विधिमंडळाने २०२१मध्ये नागरिक नसलेल्या कायदेशीर रहिवाशांनाही स्थानिक मतदानाची मुभा दिली. व्हिसावर असणाऱ्याने ती वापरण्याआधी स्थलांतराच्या वकिलाला विचारावे. ऐकायला बसण्यास मात्र बहुधा कोणी अडवत नाही, आणि जेवणाला साबुदाण्याची खिचडी नेली तर पुढच्या वर्षी तिची विचारणा होते.

घर स्वतःचे असेल आणि तिथेच राहत असाल तर होमस्टेड घोषणापत्र, म्हणजे हे आपले राहते घर आहे असे सांगणारा अर्ज, दरवर्षी एप्रिलच्या मध्यापर्यंत भरावे लागते. पहिल्या वर्षी भरले की झाले असे समजून बरेच नवे लोक दुसऱ्या वर्षी दंड भरतात. मालमत्ताकराचा मोठा भाग शाळांसाठी असतो आणि उत्पन्नानुसार त्यात सवलतही मिळू शकते, पण ती आपण मागितली तरच. गावात माध्यमिक शाळा नसेल तर काही गावे मुलांची फी दुसऱ्या गावच्या शाळेला देतात. या सगळ्या व्यवस्थेत २०२५च्या कायद्याने मोठे फेरबदल सुरू केले आहेत, त्यामुळे शाळेसाठी घर घेणाऱ्याने त्या भागातल्या शाळा-जिल्ह्याच्या कार्यालयातून ताजी माहिती घ्यावी.

जमीन घेतल्यास आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. व्हरमाँटच्या १७७७ सालच्या राज्यघटनेपासून कुंपण नसलेल्या जमिनीवर शिकारीचा हक्क लोकांना आहे, आणि आपल्या रानात शिकार नको असेल तर ठरावीक अंतराने फलक लावून दरवर्षी टाउन क्लार्ककडे नोंद करावी लागते. फलक लावण्याआधी शेजाऱ्याशी बोलावे, कारण त्याचे आजोबा त्या रानात हरणामागे गेलेले असतात आणि न बोलता लावलेला फलक भांडणाची नांदी समजली जाते. नोव्हेंबरात रानाजवळ फिरताना भडक नारिंगी जाकीट घालावे, कुत्र्यालाही घालावे.

पायरी नववी: घरातल्या प्रत्येकाचा वेगळा विचार करा

वरची कामे शिकता येतात. आता येते ते अधिक अवघड आहे. ज्याला नोकरीने आणले तो दिवसभर माणसांत असतो, मागून आलेला जोडीदार पाच महिने खिडकीबाहेरचे बर्फ पाहतो. डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो. विद्यापीठ, रुग्णालये, राज्य सरकार आणि एसेक्स जंक्शनचा ग्लोबलफाउंड्रीजचा चिप-कारखाना सोडले तर विशेष कौशल्याच्या नोकऱ्या थोड्या, आणि त्याही बहुतेक बर्लिंग्टनच्या आसपास. म्हणून दोघांच्या कामाचा विचार गाव ठरवण्याआधी व्हावा, नंतर नव्हे. स्थानिक लोक बाहेरून आलेल्यांना ‘फ्लॅटलँडर’, म्हणजे सपाट मुलखातला, म्हणतात, मग तो बोस्टनचा असो की बारामतीचा. अडचणीला धावून येतील, पण घरी जेवायला बोलावायला दोन वर्षे लागतील. ओळख कामांतून होते: ग्रंथालयात पुस्तके लावणे, अग्निशमन दलाच्या न्याहारीला वाढप करणे, मुलांच्या शाळेबरोबर आठवड्यातून एका दुपारी स्कीइंगला जाणे.

वर्गात आपले मूल बहुधा एकटेच सावळे असेल. वाईट वागणूक मिळेलच असे नाही, आमच्या मुलांना क्वचितच मिळाली. पण नावाचा उच्चार आणि डब्यातला वास यांची उत्तरे त्याला एकट्याला द्यावी लागतात, आणि हे ओझे आपण त्याच्यावर घातले आहे याची जाणीव ठेवावी. गणपतीला आणि दिवाळीला बोस्टन परिसरातल्या न्यू इंग्लंड मराठी मंडळाची वाट धरणारी कुटुंबे आहेत. वर्षातून दोन-तीनदा तो प्रवास ठरलेलाच ठेवावा.

आई-वडील राहायला येणार असतील तर त्यांना जून ते मध्य-ऑक्टोबर बोलवा. गाडी न चालवणाऱ्या माणसासाठी हे राज्य उन्हाळ्यातही घरकोंडीचे आहे, पण तेव्हा निदान बाग असते, मंडई असते, रस्त्यावरून चालता येते आणि जाणारा प्रत्येकजण हात करतो. माझ्या आईला तो हात करणे फार आवडले. पण ‘इथे सगळे नमस्कार करतात, पण थांबत कोणी नाही’ असे ती चौथ्या दिवशी म्हणाली. तेव्हापासून ती येते त्या महिन्यांत आम्ही गावठाणातल्या, ग्रंथालयापर्यंत पायी जाता येईल अशा घरात राहण्याचा विचार करत होतो, आणि अखेरीस डोंगरावरचे घर सोडून खाली आलोही. वृद्धांचे येणे-जाणे असेल किंवा मुले अजून गाडी चालवण्याच्या वयाची नसतील तर नव्या माणसाने सुरुवातच गावठाणात करावी असे माझे मत आहे. तिथे बहुधा गावचे पाणी आणि सांडपाण्याची सोयही असते, आणि वरचे अर्धे प्रश्न उद्भवत नाहीत.

येण्याची तारीख आपल्या हातात असेल तर मेची अखेर किंवा जूनची सुरुवात धरावी. चिखल वाळलेला असतो, लाकूड आणि तेलाचे भाव ठरवायला वेळ मिळतो, डॉक्टरची पहिली भेट थंडीपूर्वी होऊन जाते, आणि ऑगस्टच्या अखेरीस शाळा सुरू होईपर्यंत मुलांची शेजारच्यांशी ओळख झालेली असते. जानेवारीत रुजू व्हा असे पत्र आले, तर तारीख पुढे ढकलता येईल का हे आधी विचारा; नाही म्हणाले तर सामानाच्या ट्रकआधी हिवाळी टायर मागवा.